हाली, कलदार आणि कोयता

"कलदार का हाली?"

पगार वाढल्याचं फोनवर सांगितलं की आबा अजूनही हेच विचारतात आणि स्वतःच हसतात. आबांचं बालपण शिरूर कासारचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. त्यांनी दोन रुपये पाहिलेत: निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखातला कलदार. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. आज आपण मोटारसायकलवर पाथर्डीला जातो, चहा पितो, फोनवरून पैसे देतो. तेव्हा पाथर्डी हा परमुलूख होता. मध्ये करोडगिरीचं, म्हणजे निजामाच्या जकातीचं नाकं आणि पलीकडे दुसरा रुपया.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. त्याचं नाणं लगेच संपलं नाही. १९५० पासून भारताचा रुपया हालीच्या जोडीने चालू लागला, १९५१ मध्ये नवा हाली निघायचा बंद झाला आणि १९५९ मध्ये जुनाही रद्द झाला. शाळेत आम्हाला मुक्तिसंग्राम शिकवला, हे कुणी शिकवलं नाही.

मी इंजिनिअर, अर्थशास्त्राशी गाठ उशिरा पडली. रॉबर्ट मंडेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये एक निबंध लिहिला. दोन प्रदेशांचं चलन एकच असेल आणि त्यातला एक अडचणीत आला, तर त्याला स्वतःचं चलन स्वस्त करून माल खपवता येत नाही. मग एकतर मजुरी उतरते, नाहीतर माणसं उठून दुसरीकडे जातात. हे वाचताना मला दिवाळीच्या आसपासचं शिरूर दिसलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणं, शेळी आणि वर बसलेली पोरं.

युरोपात १९९९ मध्ये युरो आला तेव्हा अनेकांचा होरा होता की चलनाची पळवाट बंद झाली, आता सरकारं कामगार कायदे सुधारतीलच. ग्रीससारख्या देशांना उलट स्वस्त कर्ज मिळालं आणि घाई उरली नाही. कायदे बदलले ते २०१० च्या संकटानंतर, सावकारांच्या अटींवर. म्हणजे प्रश्न चटका कुणाला बसतो, हा आहे.

आमच्याकडे तो चटका ट्रॉलीत बसून निघून जातो. १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ फार वाढला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, ती पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. ज्या कारखान्याला ऊस जातो त्याच्या हजेरीपटावर या बाईचं नाव नसतं, कारण ती मुकादमाची माणूस. तिचं मत बीड जिल्ह्यात, घाम कोल्हापूर-सांगलीत. तिथल्या आमदाराला तिची गरज नाही आणि इथल्या पुढाऱ्याला सहा महिने गाव रिकामं असलेलं सोयीचंच. संप होतात, करार होतात, पण बोलणी बहुतेक टनाच्या दरावर अडतात. प्रॉव्हिडंट फंड, बाळंतपणाची रजा यांच्यापर्यंत गाडी क्वचितच पोहोचते.

याचं खापर नाण्यावर फोडायचा मोह होतो, पण ते खरं नाही. हालीचा कलदारशी दर बराच काळ जवळपास ठरलेलाच होता. बीडच्या कुणब्यासाठी निजाम तो उतरवत बसला नाही. त्याच्या राज्यात वेठबिगार होती ती वेगळीच. शिवाय एका रुपयाच्या राज्यात श्रीमंत भागाने गरीब भागाला हात देता येतो, आणि महाराष्ट्राने तो दिलाही. रोजगार हमीचा खर्च भागवायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पुण्यात माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात ते त्याच कराचे. ऑफिसातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं.

कायद्याची गंमत पाहा. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडली तरच लागू व्हायचा. बेळगावला गेलेली टोळी त्यात बसायची, नगरला गेलेली नाही. आबांच्या लहानपणीची सरहद्द टिकली असती तर आम्ही पाथर्डी ओलांडताच कायद्यात बसलो असतो! अलीकडे ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं आणि टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचं ठरलं. मला यातली रक्कम तितकी महत्त्वाची वाटत नाही. चटक्याचा थोडा भाग पहिल्यांदाच कारखान्याच्या हिशेबात आला, हे वाटतं.

मागच्या वर्षी नोकरी बदलली तेव्हा नव्या कंपनीने जॉइनिंग बोनस दिला. वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा, अशी अट. आबांना समजावून सांगितलं.

"म्हंजी उचलच की," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "खाडा किती धरत्यात?"

खाडा नसतो, आजारपणाची रजा भरपगारी असते, हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आजी त्यांच्याबरोबर बारा हंगाम गेली होती.