इंजिन तापणे (वाहतूक कोंडीतील)

हमरस्त्यावर सुरळीत चालणारी मोटार कोंडीत उभी राहताच तापू लागली, तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येते. मे महिन्यात बोरघाटात रांग लागली की हा दोष हमखास उघडा पडतो.

एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज, रिले आणि शेवटी मोटर तपासावी. एसीबरोबर फिरतो, एरवी फिरत नाही, असे असल्यास तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. पंखा ठीक असूनही तापमानाचा काटा चढत असेल, तर रेडिएटर व एसी कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहावे. तिथे धूळ, किडे आणि कापसासारखा कचरा गच्च बसलेला असतो. वरून मात्र जाळी स्वच्छ दिसते. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने तो निघतो. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्यास गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापते. रेडिएटरच्या झाकणाची रबरी कडा झिजली, तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते.

वाटेत काटा चढल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. इंजिनाची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. काटा तरीही उतरला नाही, तर बाजूला थांबून इंजिन बंद करावे. गरम असताना झाकण कधीही उघडू नये: उकळते कूलंट तोंडावर उडून गंभीर भाजते.