शार्लोत्का : एका पेल्यातला पोलंड

राष्ट्रांचे इतिहास बहुधा तहांच्या मसुद्यांवरून आणि लढायांच्या तारखांवरून लिहिले जातात. पण तहाने पुसलेली सीमा जिभेवर पुष्कळ दिवस टिकून राहते. तोंडची चव प्रांताची हद्द ओलांडून किती दूरवर आपल्याबरोबर येते, हे नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. पोलंडमधील एका साध्या पेयाची कथा या दृष्टीने मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणारीही आहे. या पेयाचे नाव शार्लोत्का. मुळात हे नाव सफरचंदे घालून भट्टीत भाजलेल्या एका केकचे. फ्रेंचांच्या ‘शार्लोत’ या मिष्टान्नावरून ते पोलिश भाषेत आले आणि पुढे त्याच चवीच्या मद्यमिश्रणाला चिकटले.

कृती म्हणावी तर दोन ओळींची. उंच पेल्यात बर्फाचे खडे घालावयाचे, त्यावर झुब्रूफ्का नावाची थंडगार व्होडका सुमारे ५० मिलिलिटर ओतावयाची आणि तिच्या दुप्पट ते तिप्पट सफरचंदाचा रस घालून हलकेच ढवळावयाचे. रस गाळून पारदर्शक केलेला असण्यापेक्षा किंचित गढूळ असला, तर फळाचा आंबटगोडपणा अधिक टिकतो. हौशी माणसे वर दालचिनीची चिमूटभर पूड भुरभुरतात. वास्तविक तिची गरज नसते, कारण पेल्यात दालचिनी नसली तरी तिचा भास होतोच.

या भासाचे कारण झुब्रूफ्काच्या बाटलीत बुडवलेल्या गवताच्या एका लांब पात्यात आहे. या गवतात कुमारिन नावाचे सुगंधी द्रव्य असते. नुकते कापून उन्हात पसरलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, तो याचाच. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीतही हेच द्रव्य पुष्कळ असते. सफरचंद आणि दालचिनी यांची जोडी युरोपीय जिभेला केकमुळे परिचित असल्याने, रस आणि गवत एकत्र येताच तिला केकची आठवण होते. पुढे याच कुमारिनमुळे झुब्रूफ्कावर संकट आले. प्रयोगातील प्राण्यांच्या यकृतास त्यापासून अपाय होतो असे आढळल्यावरून अमेरिकेने १९५४ साली खाद्यपदार्थांत कुमारिन घालण्यास बंदी केली आणि १९७८ साली झुब्रूफ्काची आयातही थांबवली.

पोलंडमध्ये व्होडका प्रथम औषध म्हणून मान्यता पावली. १५३४ साली क्राकूव्ह येथे छापलेल्या स्तेफान फालिमिझ याच्या वनौषधींवरील ग्रंथात वनस्पती घालून केलेल्या व्होडकांचे गुण वर्णिले आहेत. परंतु औषधाचे व्यसन होण्यास आणि व्यसनाचा महसूल होण्यास फार काळ लागला नाही. श्लाख्ता म्हणजे पोलिश सरदारवर्ग. त्याने आपापल्या जहागिरीत दारू गाळण्याचा आणि विकण्याचा अनन्य हक्क मिळविला. कुळांनी धन्याच्याच गुत्त्यातून दारू घ्यावयाची, असा हा प्रकार होता. आपल्याकडील अबकारी मक्त्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील मर्म ताबडतोब कळेल. पिणाऱ्याच्या तहानेपेक्षा विकणाऱ्याच्या हक्कानेच दारूचा प्रसार अधिक होतो.

गवताचे नाव मात्र एका जनावरावरून पडले आहे. झुब्र म्हणजे युरोपातील रानगवा. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानातील गव्याचा तो दूरचा भाऊबंद. पूर्व पोलंडमधील ब्यावोव्येझाचे प्राचीन अरण्य हे त्याचे माहेरघर आणि पोलिश राजांचे राखीव शिकारीचे रान. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीने पोलंडचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले, तेव्हा हे अरण्य रशियाच्या झारकडे गेले. राजे बदलले तरी झुब्राचे संरक्षण चालू राहिले. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथे सुमारे सातशे झुब्र होते. पण युद्धकाळात आधी जर्मन सैन्याने आणि नंतर भुकेल्या शिकाऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला. १९१९ मध्ये ब्यावोव्येझातील शेवटचा मोकळा झुब्र मारला गेला.

येथे इतिहासाने एक विलक्षण थट्टा केली आहे. १९१८ साली पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला आणि १९२० नंतरच्या दशकात झुब्रूफ्काचे उत्पादन कारखान्यात होऊ लागले. ब्झेश्च शहरातील सरकारी मद्यशाळेतून झुब्राचे नाव मिरविणाऱ्या बाटल्या बाहेर पडू लागल्या. पण त्या वेळी अरण्यात मोकळा झुब्र एकही उरला नव्हता! जनावर गेले होते, गवत राहिले होते, आणि नाव त्या दोहोंच्यामध्ये लोंबकळत होते. पुढे प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मूठभर झुब्रांपासून पैदास करण्याचा चिकाटीचा उद्योग झाला. १९२९ मध्ये काही झुब्र ब्यावोव्येझाच्या कुंपणात आणले गेले, आणि १९५२ मध्ये पहिले झुब्र पुन्हा मोकळ्या रानात सोडण्यात आले. आज जगभर त्यांची संख्या हजारांच्या घरात आहे. ते सारे बारा पूर्वजांचे वंशज होत. बाटलीवरील नावाला अशा रीतीने पुन्हा अर्थ आला.

पेल्यातील दुसरा भाग सफरचंदाचा. वॉर्साच्या दक्षिणेस ग्रूयेत्स परगण्यात मैलोगणती सफरचंदाच्या बागा आहेत. सोळाव्या शतकात इटलीहून आलेल्या बोना राणीने या बागांना उत्तेजन दिले, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. पण रसाचा पूर वाहविणारी आधुनिक बागायत ही विसाव्या शतकाची कमाई आहे. अमेरिकेत शिकून आलेले फलशास्त्रज्ञ श्चेपान प्येन्योंझेक यांनी १९५१ साली स्क्येर्न्येवित्से येथे फलोद्यान संस्थेचा पाया घातला. मोठ्या वृक्षांच्या जुन्या बागांऐवजी दाट लावलेल्या बुटक्या झाडांच्या बागा पुढील दशकांत उभ्या राहिल्या. जगातील मोठ्या सफरचंद-उत्पादक देशांत पोलंडची गणना होऊ लागली ती यानंतरच.

या पेयाची गोडी जितकी मोहक तितकीच फसवी. चाळीस टक्क्यांच्या आसपासचे मद्य रसाच्या आवरणाखाली लपते आणि पिणाऱ्याला आपण फळच खात आहोत असे वाटते. नुसत्या गवताच्या सुगंधातही ही मोहिनी आहे, हे सॉमरसेट मॉम या चतुर इंग्रज कादंबरीकाराने हेरले होते. त्याच्या ‘द रेझर्स एज’ या १९४४ च्या कादंबरीचे नाव कठोपनिषदातील एका मंत्रावरून घेतले आहे. तीत इझाबेल ही दारू सोडलेल्या सोफीजवळ झुब्रूफ्काची स्तुती करते आणि पुढे बाटली तिच्या हाताशी राहील अशी व्यवस्था करते. सोफीचे पुढे काय होते, हे ज्यांनी कादंबरी वाचली त्यांना ठाऊकच आहे. सुगंधाचा उपयोग शस्त्रासारखाही करता येतो, हा त्यातील बोध.

पोलिश जनतेलाही हा बोध अनोळखी नव्हता. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीतील कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांनी आवारात दारूला सक्त मज्जाव केला. शुद्धीवर असलेला संपकरीच सरकारला भारी पडतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९८२ च्या कायद्याने सरकारने दुपारी एकपूर्वी दारू विकण्यास बंदी घातली. तो निर्बंध १९९० मध्ये उठला. तीच व्होडका एका हाती सत्तेचा महसूल आणि दुसऱ्या हाती स्वाभिमानाची परीक्षा ठरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सफरचंदाच्या वाट्यालाही राजकारण आले. १ ऑगस्ट २०१४ पासून रशियाने पोलंडची फळे आणि भाज्या घेणे बंद केले. निर्यात होणाऱ्या सफरचंदांपैकी निम्म्याच्या आसपास तिकडेच जात असल्याने बागाईतदारांवर आकाश कोसळले. तेव्हा एका पोलिश वृत्तपत्राने, सफरचंदे खा म्हणजे रशियाच्या अध्यक्षांची जिरेल, अशा आशयाची मोहीम काढली आणि लोकांनी ती हसत हसत उचलून धरली. नित्याचे फळ चावणे हेही त्या काळी देशकार्य झाले. पुढे २०२२ मध्ये, तिम्बार्क या नावाचे फळरस विकणाऱ्या माष्पेक्स या पोलिश कंपनीने झुब्रूफ्काची मालक कंपनी विकत घेतली. पेल्यातले दोन्ही घटक अशा रीतीने एकाच छपराखाली आले, आणि तेही रसवाल्याच्या!

ज्या ब्झेश्चमधून झुब्रूफ्का निघाली, ते शहर आज पोलंडमध्ये नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची पूर्वसीमा पश्चिमेकडे सरकली आणि ब्झेश्च सोव्हिएत संघाकडे गेले. आज ते बेलारूसमध्ये आहे. ब्यावोव्येझाच्या अरण्याचेही दोन तुकडे झाले. पोलंडमधील मद्यनिर्मिती ब्यावीस्तोक येथे चालू राहिली. याच पूर्वप्रांतांतून १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने हजारो पोलिश कुटुंबे सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केली होती. त्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिली. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यातील अनेकांचे गाव परक्या राज्यात गेलेले होते. परतावयास वाट होती, पण घर नव्हते.

आपणा बदलीवरच्या माणसांचे घर निदान जागेवर असते. रजा मिळाली की गाडीचे तिकीट काढावे, एवढाच प्रश्न. ज्यांचे गावच सीमेपलीकडे गेले, त्यांना गवताच्या एका पात्याचा वास हाच सात-बाराचा उतारा. व्होडका वाईट की चांगली, हा वाद ज्याने त्याने आपल्या विवेकाने सोडवावा. पण राज्य तीनदा वाटले गेले, रानातला पशू नाहीसा झाला, शहर हातचे गेले, आणि तरीही एका अरण्याचे नाव आणि एका बागेची गोडी लोकांनी जपून ठेवली. नकाशे काढणाऱ्यांना हे साधले नाही.