क्ष-किरण व शस्त्रक्रियागृहातील कर्मचारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
इ. स. १८९५ मध्ये रॉन्टजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्याची किंमत प्रथम ते हाताळणाऱ्यांनीच मोजली. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये या किरणांच्या दुष्परिणामांनी मरण पावले. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. आज आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील मंचर, नारायणगावसारख्या गावीही सी-आर्मच्या साहाय्याने अस्थिशस्त्रक्रिया होतात. तेथील कर्मचाऱ्याने शिशाच्या अ‍ॅप्रनखाली छातीवर टीएलडी बिल्ला लावावयाचा असतो. परंतु बिल्ला मात्रा मोजतो, अडवीत नाही. उघडे डोळे व हात तर त्याच्या नोंदीबाहेरच राहतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २०११ मध्ये नेत्रभिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणली. म्हणून शिसेयुक्त चष्मा ही चैन मानता येणार नाही. क्ष-किरण नळी टेबलाखाली ठेवल्यास रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे बरेचसे किरण जमिनीकडे वळतात. यास तर खर्चही नाही.