गिरणीतलं प्लास्टिक आणि आजीचा खुबा

आजीचं हिप रिप्लेसमेंट झालं आणि दुसऱ्याच दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली, हे आता नवीन नाही. पण यामागे एक फसलेला प्रयोग आहे, बरं का.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. मधली गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं, पाऊल टाकवत नाही. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन हॉस्पिटलचे सर्जन जॉन चार्नली यांनी गोळा स्टीलचा आणि वाटी टेफ्लॉनची बसवली. हो, नॉनस्टिक तव्यावरचंच टेफ्लॉन! पेशंट चालायला लागले.

पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या. झिजलेल्या कणांमुळे आतून त्रास सुरू झाला. पेशंट होते सुमारे 300! चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून परिणाम पाहिला. मग त्या पेशंटची पुन्हा ऑपरेशनं करत बसले.

1962 मध्ये एक विक्रेता गिरणीच्या यंत्रांत वापरायचं प्लास्टिक घेऊन आला: पॉलिथिलीन. चार्नलींनी ते नाकारलं. पण साहेब बाहेरगावी असताना तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते मशीनवर घासायला लावलं. टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं, तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही! त्याच नोव्हेंबरपासून वाट्या पॉलिथिलीनच्या झाल्या.

वाटी झिजतेय का, हे डॉक्टर आजही एक्स-रेत बघतात. तेव्हा आजी छान चालतेय म्हणून तिची तपासणी चुकवू नका!