11 वाजून 56 मिनिटांपर्यंत

182 वर्षे आधी
26 ऑगस्ट 1833. संध्याकाळी काठमांडू खोऱ्याला धक्का बसला आणि लोक घराबाहेर पडले. रात्री आणखी एक जोराचा धक्का, आणि थोड्याच वेळात, अकराच्या सुमारास, मुख्य भूकंप. घरं कोसळली, पण माणसं उघड्यावर होती. मृतांचा आकडा पाचशेच्या आत राहिला.

त्यानंतरची वर्षे
भारतीय भूपट्ट दरवर्षी साधारण 2 सेंटिमीटर हिमालयाखाली रेटला जातो. 2002 ते 2005 दरम्यान ‘हाय-क्लाइंब’ प्रकल्पात शास्त्रज्ञांनी नेपाळपासून तिबेटपर्यंत भूकंपमापकांची रांग मांडली आणि भूकवचाची जाडी मोजली. दक्षिणेकडे ती सुमारे 40 किलोमीटर, तिबेटखाली 70 च्याही पुढे. भारताचं कवच तिबेटखाली शिरल्यामुळे तिथे थरावर थर चढला आहे. हे शिरणं ज्या उतरत्या भेगेवरून होतं, ती काठमांडूच्या खालूनच जाते. उत्तरेला खोलवर खडक तापून मऊ झालेले, म्हणून तिथे ती गुपचूप सरकते. दक्षिणेला मात्र घट्ट अडकून बसते. 2015 पर्यंत न झालेल्या सरकण्याची 182 वर्षांची थकबाकी साडेतीन मीटरच्या पुढे गेली होती.

एक आठवडा आधी
जगभरातले सुमारे 50 भूकंपतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ काठमांडूत जमले होते. विषय एकच : इथे मोठा भूकंप झाला तर काय करायचं? धोका सगळ्यांना ठाऊक होता, फक्त तारीख कुणालाच सांगता येत नव्हती.

25 एप्रिल 2015, सकाळी 7
उरले पाच तास. 1833 मध्ये पहिला धक्का साधारण एवढाच आधी आला होता. या वेळी जमीन गप्प. वार शनिवार, नेपाळचा सुट्टीचा दिवस. वर्ग रिकामे, शेतात माणसं.

सकाळी 11
सुट्टीची गर्दी धरहरा मनोऱ्याकडे वळलेली. 1934 च्या भूकंपात पडून पुन्हा उभारलेला हा मनोरा. आत दोनशेवर पायऱ्यांचा गोल जिना, वर शहर पाहायला सज्जा. तिकीट काढून लोक चढत होते.

11:40
1833 सारखा, लोकांना बाहेर काढणारा दुसरा धक्काही आला नाही.

11:56
गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ, सुमारे 15 किलोमीटर खोलीवर, भेग सुटली. तीव्रता 7.8. फाटत ती पूर्वेकडे धावली, मिनिटभरात जवळपास दीडशे किलोमीटर. पहिल्या लहरी 80 किलोमीटरवरच्या काठमांडूत दहा-पंधरा सेकंदांत पोहोचल्या. हे शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं. तो गाळ चार-पाच सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी डोलू लागला. अशा हेलकाव्यांचा जोर उंच बांधकामांना अधिक बाधतो. धरहरा बुंध्यापाशी मोडला. पुढे त्याच्या ढिगाऱ्यातून सुमारे 180 मृतदेह निघाले.

11:57
काठमांडू सुमारे एक मीटर वर उचललं गेलं होतं आणि दीड मीटरहून अधिक दक्षिणेला सरकलं होतं. डोंगरांत दगड-मातीची घरं एका मिनिटात भुईसपाट झाली. एकट्या सिंधुपाल्चोकमध्ये साडेतीन हजारांवर माणसं गेली. लांगटांग गाव बर्फ आणि दरडींखाली गडप झालं. एकूण बळी सुमारे 9,000.

त्या मिनिटाने सुमारे 7,000 शाळांची पडझड केली. वार शुक्रवार असता तर त्या वेळी वर्ग भरलेले असते. हा विचार मला अजून सोडत नाही. काठमांडू खोऱ्यातल्या काही शाळांचं मजबुतीकरण भूकंपाआधीच झालं होतं; त्या इमारती उभ्या राहिल्या. तारीख माहीत नसतानाही जे करता येत होतं, ते तिथे करून ठेवलेलं होतं.

12:30
6.6 चा धक्का. दुसऱ्या दिवशी 6.7, आणि 12 मे रोजी 7.3.

25 एप्रिलची फाट पृष्ठभागापर्यंत आली नाही. काठमांडूच्या दक्षिणेकडचा भाग अडकलेलाच राहिला. पश्चिम नेपाळात तर 1505 नंतर मोठा भूकंप झालेला नाही. तिथली थकबाकी पाच शतकांची आहे, आणि तिथल्या शाळा आठवड्याचे बहुतेक दिवस भरतात.