एका जुन्या अहवालाचे ऋण

मागील उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या वाचनालयात एक विधी-पदवीधर तरुणी आली. कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिला बौद्धिक संपदा हा विषय घ्यावयाचा होता, आणि प्रवेशापूर्वी कोणता ग्रंथ वाचावा एवढेच तिला विचारावयाचे होते. कलमे, अर्ज आणि मुदती यांची पुस्तके तिने आधीच मिळविली होती. आम्ही तिला १९५९ सालच्या एका सरकारी अहवालाचे नाव सांगितले, तेव्हा तिच्या मुद्रेवर किंचित निराशा उमटली. सहा दशकांहून अधिक जुने ते कागद आज कोणत्या परीक्षेस उपयोगी पडणार? त्या निराशेला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या देशात नव्या शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा २८ फेब्रुवारी १८५६ रोजी झाला. लगोलग ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नामक अभियंत्याने त्याखाली अर्ज केला. त्याचा शोध होता पंखा ओढण्याचे यंत्र. कायदा कोणाच्या गरजेतून आला हे सांगावयास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. राणी सरकारची पूर्वसंमती घेतली नव्हती म्हणून हा कायदा १८५७ साली रद्द झाला आणि १८५९ साली दुरुस्त रूपात पुन्हा आला. पुढे १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतरही तोच चालू राहिला. इंग्लंडातील कायद्याचे ते रोप इकडे लावले गेले, परंतु इथल्या मातीचा अभ्यास कोणी केला नव्हता.

तो अभ्यास स्वातंत्र्यानंतर सुरू झाला. १९४८ साली नेमलेल्या न्यायमूर्ती टेकचंद यांच्या समितीने काही दोष दाखविले. त्यानुसार १९५० व १९५२ साली सक्तीच्या परवान्याच्या तरतुदी कायद्यात आल्या. १९५३ साली मांडलेले नवे विधेयक मात्र बारगळले. मग १९५७ साली हे काम मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार या एकाच गृहस्थाकडे सोपविण्यात आले. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, पण त्यांची खरी स्मृती या अहवालातच आहे असे आम्हांस वाटते.

अय्यंगारांनी प्रथम आकडे पाहिले. भारतात दिलेल्या पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परकीयांच्या हाती होती, आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक शोधांचे उत्पादन या देशात होतच नव्हते. म्हणजे शोधकाला एकाधिकार द्यावा व त्याच्या मोबदल्यात देशाने नवा उद्योग मिळवावा, हा जो पेटंटचा मूळ करार, त्यातील देशाचा भाग कागदावरच राहिला होता. पेटंटचा उपयोग एकच होई : आयातीची मक्तेदारी राखणे. मात्र या निष्कर्षावरून अय्यंगारांनी पेटंटपद्धती मोडीत काढा असे सांगितले नाही. तो पर्याय त्यांनी तपासला आणि नाकारला. शोधकाला फळ मिळाले पाहिजे हे त्यांना मान्य होते. त्या फळाची किंमत कोणी व किती द्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तरासाठी त्यांनी इतर देशांचा इतिहास चाळला. १८७७ च्या जर्मन कायद्याने रासायनिक पदार्थ व औषधे यांना पेटंट नाकारले होते. ते मिळे केवळ तयार करण्याच्या प्रक्रियेला. एकाच पदार्थाकडे दुसऱ्या वाटेने जाण्यास तेथील रसायनशास्त्रज्ञ मोकळे राहिले, आणि जर्मनीचा रंग-रसायनांचा उद्योग जगात अग्रेसर झाला. त्या भरभराटीचे हे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण निश्चित होय. औषधे व अन्नपदार्थ यांच्या बाबतीत भारतानेही हीच वाट धरावी असा अय्यंगारांचा सल्ला होता.

इतिहासाचा विनोद असा की, ज्या जर्मन कंपन्या त्या कायद्याच्या छायेत वाढल्या त्यांपैकीच एक, होएक्स्ट, साठीच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात फिर्यादी म्हणून उभी राहिली. प्रश्न होता टॉल्ब्युटामाइड या मधुमेहावरील औषधाचा. मुंबईच्या युनिकेम कंपनीचे म्हणणे असे की, आपण ते परळच्या हाफकिन संस्थेने शोधलेल्या प्रक्रियेने तयार करतो. १९११ च्या कायद्याखाली न्यायालयाने कौल होएक्स्टच्या बाजूने दिला. न्यायाधीशांसमोर जो कायदा होता त्याप्रमाणे निवाडा झाला. दोष असेल तर तो कायद्याचा होता.

तो कायदा बदलण्यास अहवालानंतर अकरा वर्षे लागली. १९६५ चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. अखेर १९७० साली नवा कायदा संमत झाला व २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या बाबतीत पेटंट प्रक्रियेपुरतेच, आणि तेही शिक्कामोर्तबापासून ५ वर्षे वा पेटंटच्या दिनांकापासून ७ वर्षे, यांतील जी मुदत आधी संपेल तोवर. या आडोशाला देशी औषधधंदा वाढला. २००१ साली एड्सच्या रुग्णांसाठी वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्चाचे औषध मुंबईच्या सिप्ला कंपनीने ३५० डॉलरांत देऊ केले, त्याचे मूळ अय्यंगारांच्या पानांत आहे.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटनेचा करार लागू झाला आणि २००५ पासून औषधी पदार्थांनाही पेटंट देणे भारतास भाग पडले. तरी संसदेने कलम ३(घ) घालून एक कुंपण राखले : जुन्याच पदार्थाच्या नव्या रूपाने गुण वाढत नसेल तर पेटंट नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधासाठी नोव्हार्टिस कंपनीने हे कुंपण ओलांडण्याचा प्रयत्न केला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी तिचे अपील फेटाळले. निकालपत्रात आमच्या त्या ‘निरुपयोगी’ अहवालाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. महिना सुमारे एक लाख वीस हजार रुपयांचे औषध आणि आठ-दहा हजारांचे औषध, यांच्यामध्ये जी रेषा उभी राहिली ती ओढताना ५४ वर्षांपूर्वीच्या अभ्यासाचा आधार घ्यावा लागला.

या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण परदेशात लवकर संघटित झाले. स्ट्रासबुर्गचे अध्ययनकेंद्र १९६३ चे, म्युनिकची माक्स प्लांक संस्था १९६६ ची. आपल्याकडे विद्यापीठांतून या विषयाची अध्यासने २००१ नंतर स्थापन होऊ लागली आणि खरगपूरच्या आय. आय. टी.त स्वतंत्र विधी-विद्यालय २००६ साली निघाले. म्हणजे अय्यंगारांनी पदव्या नसताना अभ्यास केला, आणि आज पदव्या आहेत. त्यांच्याबरोबर अभ्यासही आहे की नाही, हे विद्यार्थ्यावर अवलंबून. पेटंटचा दावा चोख शब्दांत मांडणे ही विद्या मोलाची व अर्थकरीही आहे, तिची आम्ही थट्टा करीत नाही. पण दावा मांडणाऱ्याला त्याची किंमत कोण भरणार हे ठाऊक नसेल, तर ती विद्या लेखनिकाची होय, विधिज्ञाची नव्हे.

पावसाळ्यात ती तरुणी अहवाल वाचून परत आली. वहीत टिपणे होती, आणि एक प्रश्न होता. जर्मनीने उद्योग बळकट झाल्यावर १९६८ पासून रासायनिक पदार्थांनाही पेटंट देण्यास आरंभ केला. उद्या आपले शोधही जगभर विकले जाऊ लागले, तर गरीब देशांच्या औषधाविषयी आपण आज जे बोलतो तेच बोलू काय? आम्ही तिला म्हटले, “प्रबंधाचा विषय तुला मिळाला.”