प्रतिबंधक गोळी आणि बिघडलेले पोट

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्यांना डॉक्टर पुष्कळदा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. हेतू असतो लेप्टोस्पायरोसिस टाळण्याचा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत या रोगाची साथ आली. तेव्हापासून हे औषध घरोघरी माहीत झाले, आणि त्याने होणारी मळमळही. मळमळले की आपल्याकडे कुणी कपभर दूध पाजते, कुणी आम्लपित्ताचे पातळ औषध देते. पोटाला बरे वाटते, पण औषधाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला थोडी वर्षे लागली. ती हकिकत रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना नक्की आवडेल.

डॉक्सिसायक्लिन ज्या घराण्यातले, त्याचा मूळपुरुष ऑरिओमायसिन. अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत बेंजामिन डगर हे निवृत्तीनंतर कामाला लागलेले वनस्पतिशास्त्रज्ञ मातीतील सूक्ष्मजीव तपासत होते. मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न प्रक्षेत्रातील मातीत त्यांना सोनेरी पिवळ्या रंगाचे रसायन बनवणारा एक सूक्ष्मजीव सापडला. 1948 साली औषध जाहीर झाले. कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एखादी ओळसुद्धा क्वचितच मिळते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

औषध गुणकारी होते, पण त्याने रोग्यांना ओकाऱ्या होत, पोटात दुखे, जुलाब लागत. त्याचे एक कारण असे की घेतलेल्या औषधाचा बराच भाग रक्तात न जाता आतड्यातच राहतो आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतो. मग डॉक्टरांनी साहजिक उपाय केला. प्रतिजैविकाबरोबर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे दाट पांढरे औषध द्यायचे. पोट शांत झाले. 1950 मध्ये वाइसब्रेन आणि ह्यूकेल यांनी अशा वेळी रक्तात ऑरिओमायसिन किती पोचते ते मोजले, तेव्हा ते पुष्कळ कमी भरले. म्हणजे पोटाचा त्रास थांबवण्याच्या नादात औषधच रोखले जात होते.

का, याचा उलगडा 1953 साली एड्रियन आल्बर्ट यांच्या कामातून होऊ लागला. टेट्रासायक्लिनच्या रेणूवर ऑक्सिजनचे अणू अशा जागी बसलेले असतात की धातूचा आयन त्यांच्यात चिमट्यात धरल्यासारखा अडकतो. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सारे असेच पकडले जातात. तयार झालेले संयुग आतड्याच्या भिंतीतून नीट शोषले जात नाही. दुधात कॅल्शियम भरपूर, म्हणून दुधानेही तेच होते. लहान मुलांचे दात या औषधाने पिवळे पडतात त्याचेही मूळ हेच: वाढत्या दातांतल्या कॅल्शियमला औषध चिकटून बसते.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी रेणूतच बदल केला. सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढला आणि 1967 मध्ये डॉक्सिसायक्लिन बाजारात आले. ते जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि दिवसातून एकदोनदा घेतले तरी पुरते. जेवणाबरोबर घेतल्यास शोषण सुमारे एकपंचमांश कमी होते, पण तेवढ्याने फारसे बिघडत नाही. जुन्या टेट्रासायक्लिनबाबत ही सवलत नव्हती. ते रिकाम्या पोटी घ्यावे लागे आणि पोट तर रिकामेपणीच जास्त कुरकुरे.

मात्र नव्या औषधाची नवी खोडी निघाली. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातून डॉक्सिसायक्लिनने अन्ननलिकेत व्रण झाल्याचे वृत्त आले. त्याची कॅप्सूल पाण्यात विरघळली की द्रव आम्लधर्मी होतो. रात्री घोटभर पाण्याबरोबर ती गिळून लगेच आडवे झाले की ती वाटेतच चिकटते आणि तिथे भाजल्यासारखे होते. छातीत दुखू लागले की लोक पुन्हा आम्लपित्ताच्या बाटलीकडे वळतात.

हे सारे एवढ्या बारकाईने का पाहायचे? रोग्याला बरे व्हायचे असते, म्हणून तो त्रास सोसतो. प्रतिबंधक औषध घेणारा माणूस धडधाकट असतो. त्याला टळलेला रोग दिसत नाही, मळमळ मात्र जाणवते. 2001 साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जिवाणू पाठवले गेले, तेव्हा सुमारे दहा हजार लोकांना निदान 60 दिवस प्रतिजैविक घेण्याचा सल्ला दिला गेला. नंतरच्या पाहणीत जेमतेम 44 टक्के लोकांनी ते पूर्ण घेतल्याचे आढळले. गोळ्या सोडण्याच्या कारणांत धोका नसल्याची समजूत होती, तसा पोटाचा त्रासही होता. उलट गोळी नेमाने घेतली तर काय साधते? पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या 940 अमेरिकी सैनिकांवरचा प्रयोग 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत लेप्टोस्पायरोसिसचा एकच रोगी निघाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत वीस. अंदमानातल्या प्रयोगाचा निकाल इतका झळझळीत नव्हता. तिथे संसर्ग थांबला नाही, आजारी पडणारे मात्र कमी झाले.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. वरणभात चालतो, दूध मागाहून. आम्लपित्ताचे औषध घ्यावेच लागले तर दोनतीन तासांचे अंतर ठेवावे. शाळेत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि तो वाटणाऱ्याच्या लक्षात असलेला बरा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी न घेता डॉक्टरांना विचारावे. पातळ जुलाब झाल्यास मीठसाखरेचे पाणी द्यावे. जुलाबात रक्त दिसले किंवा ते थांबेनात, तर दवाखान्यात जावे. आठ वर्षांखालील मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना डॉक्टर सहसा वेगळे प्रतिजैविक देतात, म्हणून घरातली उरलेली पाकिटे त्यांना देऊ नयेत.